सी-९ खालचा आड : कोल्हापुरातल्या एका पायाचं प्रकरण

कोल्हापुरात नवीन बांधकामासाठी जागा बघायला गेलं की मालक पहिल्यांदा पुराचं विचारतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. त्यामुळं कुठल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं हे आता शाळेतलं पोरही सांगतं. जमिनीच्या पोटात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

खरं तर हे तळ्यांचं शहर. कपिलतीर्थ बुजवून तिथं मंडई झाली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झालं. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साठतं, आणि जुनी माणसं म्हणतात, तळं आपली जागा विसरलेलं नाही. मोठ्या तळ्यांची निदान नावं तरी उरली. पेठांमधल्या वाड्यांच्या परसात जे आड होते, ते नळ आल्यावर एकेक करून बुजले आणि त्यांची कुठं नोंदही राहिली नाही. वाडा पडतो, वारस वाटणी करतात, जागा विकसनाला जाते, आणि आड तिथंच खाली असतो.

असाच एक आड एका इमारतीच्या सी-९ क्रमांकाच्या कॉलमखाली निघाला, त्याचं हे प्रकरण. मी त्या इमारतीचा स्ट्रक्चरल डिझायनर. पण ज्या व्यक्तीमुळं हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं, ती त्या साइटवरची इंजिनिअर. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन डिग्री, आणि नोकरीचं दुसरं वर्ष. करवीर तालुक्यातल्या गावातून रोज मोपेडवर यायची. बिल्डरच्या पगारावर होती, आणि कागदोपत्री तिची सही कुठंच लागत नव्हती. महापालिकेकडं जाणाऱ्या कागदांवर आर्किटेक्टची सही, माझी सही, परवानाधारक सुपरवायझरची सही. तिची सही फक्त साइट रजिस्टरमध्ये.

सिव्हिलचं काम असं आहे की त्यातली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. खड्ड्याचा तळ पीसीसीखाली (सळईविना काँक्रीटचा पातळ थर) जातो, पीसीसी फूटिंगखाली (कॉलमचा रुंद पाया), सळई काँक्रीटमध्ये, वॉटरप्रूफिंग फरशीखाली. झाकायच्या आधी तिथं जी शेवटची नजर पडते ती बहुतेक वेळा साइटवरच्या सर्वांत नवख्या इंजिनिअरची असते. आम्ही सल्लागार ठरवून दिलेल्या दिवशी येतो, बिल्डर संध्याकाळी चक्कर टाकतो. दिवसभर तिथं असतो तो ज्युनिअर.

जागा आणि जमीन

जुन्या पेठेतला साडेपाच गुंठ्यांचा प्लॉट. दगड-मातीचा दुमजली वाडा पाडलेला. खाली पार्किंग आणि वर चार मजले, एकूण २० कॉलम. मागच्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत, तीही मातीत बांधलेल्या दगडांची, वर पत्र्याचं छप्पर. मागच्या ओळीतले कॉलम त्या भिंतीपासून दोन मीटर आत. पुढं गल्ली इतकी अरुंद की जेसीबी आत घ्यायला दोन मोटारसायकली आणि एक हातगाडी हलवावी लागायची.

कोल्हापूरच्या जमिनीत नदीकाठाला काळी माती, शहराच्या उंच भागात थोड्या खोलीवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण हे साधारण चित्र. मुरूम म्हणजे आपला दख्खनचा बेसॉल्टच, ऊन-पावसानं कुजून सुटा झालेला. मुरूम चांगला लागला की कोल्हापूरचा गवंडी निर्धास्त होतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. या प्लॉटच्या मध्यभागी एक ट्रायल पिट, म्हणजे जमीन तपासायचा खड्डा, घेतला होता. १.८ मीटरवर पिवळसर घट्ट मुरूम, धारणक्षमता, म्हणजे जमीन पेलू शकेल तो भार, दर चौरस मीटरला २० टन. मातीच्या तपासणीचं भारतीय मानक आयएस १८९२ म्हणतं की साधारण ०.४ हेक्टरच्या इमारतीला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक अशी पाच ठिकाणं घ्यावीत; लहान आणि कमी महत्त्वाच्या इमारतीला मध्ये एक बोअर किंवा ट्रायल पिट पुरतो. साडेपाच गुंठ्यांच्या प्लॉटवर एकच खड्डा घेण्याची इकडं सर्रास रीत आहे, आणि ती त्या वाक्याच्या आधारानंच चालते. आडाचा व्यास दोन-सव्वादोन मीटर. मध्यभागच्या खड्ड्यातून तो दिसण्याची शक्यताच नव्हती.

कॉलेजात पायाचं गणित सुटतं ते “धारणक्षमता २०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर माना” या ओळीपासून पुढं. सळई किती, जाडी किती, पंचिंगला, म्हणजे कॉलम पाया भेदून जाण्याला, पुरते का, हे सगळं त्या “माना” नंतरचं. साइटवर तो आकडा कुणी तरी खड्ड्यात उतरून खरा आहे का ते बघायचं असतं, आणि ते कसं बघायचं याचा पेपर नसतो.

आदल्या संध्याकाळी

मे महिना संपत आलेला. मृगाच्या आत प्लिंथ (जोतं) बाहेर काढायची असं बिल्डरनं ठेकेदाराला बजावलं होतं. ते अयोग्य नव्हतं. पेठेत उघडे खड्डे पावसात राहिले की शेजारच्या भिंती धोक्यात येतात. जेसीबीनं वीसही खड्डे काढून झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पीसीसीसाठी आरएमसीच्या (प्लांटमधून येणाऱ्या तयार काँक्रीटच्या) दोन गाड्या सांगितल्या होत्या.

तिनं संध्याकाळी खड्डे एकेक करून बघायला घेतले. ऑटोलेव्हल या पातळी मोजायच्या दुर्बिणीनं तळाची पातळी, टेपनं लांबी-रुंदी, आणि तिसरी एक गोष्ट जी कुठल्याच चेकलिस्टवर नव्हती. जुन्या गवंड्याकडून ती शिकली होती. प्रत्येक खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पहार मारून बघायची. चांगल्या मुरमावर पहार दोन बोटं जाते, हाताला झणका बसतो आणि आवाज कोरडा येतो. मागच्या ओळीतल्या सी-९ मध्ये मध्यभागी पहार मारली तर ती गपकन दोन फूट आत गेली.

तिनं फावड्यानं तळ साफ करून घेतला. प्लॉटच्या आतल्या बाजूला फूटभर रुंदीचा पट्टा पिवळ्या घट्ट मुरमाचा होता. त्याच्या पुढं तीन घडीव काळे दगड, एकमेकांना लागून, किंचित वळत गेलेले. दगडांच्या पलीकडं पुन्हा मुरूमच, पण जरा काळपट, आणि त्यात कौलाचे तुकडे. आड बुजवताना वरचे दगड काढून नेलेले आणि वर मुरूम टाकलेला, म्हणून जेसीबीवाल्याला वरून काहीच वेगळं दिसलं नव्हतं. बाजूच्या खड्ड्यांत मुरूम, इथंही मुरूम. फरक कौलाच्या तुकड्यांचा आणि पहारीच्या आवाजाचा.

ठेकेदाराचा सुपरवायझर तिथंच होता. वीस वर्षं काम केलेला माणूस. तो म्हणाला, “मॅडम, जुन्या जागेत हे असंच असतंय. सोलिंगचा एक थर जादा मारू, पीसीसी सहा इंच करू, विषय मिटला.”

तिच्यासारख्या ठिकाणी असलेल्या कुणालाही हे वाक्य जड जातं. समोरचा वयानं मोठा, अनुभवानं मोठा, आणि त्यानं सुचवलेला उपाय ऐकायला उपायच वाटतो. सोलिंग म्हणजे काही फसवणूक नव्हे. पोचट जागेत दगड ठोकून भरणं ही जुनी पद्धत आहे. पण दोन मीटर व्यासाच्या आणि खोली माहीत नसलेल्या भरावावर टाकलेलं सोलिंग भरावाबरोबर खाली जातं. तिनं त्याच्याशी वाद घातला नाही. म्हणाली, “काका, तसंच करायचं ठरलं तर करू. पण सरांनी बघितल्याशिवाय हे झाकायचं नाही.” आणि मला मेसेज पाठवला. तो माझ्याकडं अजून आहे :

“सर, सी-९ च्या तळात दगडी बांधकामाचा वळलेला भाग दिसतोय, मध्ये पहार २ फूट जाते. हद्द कळत नाही म्हणून सी-८ आणि सी-१० सुद्धा थांबवलेत. बाकी १७ खड्डे ठीक आहेत, त्यांचं पीसीसी उद्या करून घेते. प्लांटला फोन करून माल कमी करायला सांगितलाय. तुम्ही बघेपर्यंत हे तीन झाकत नाही.”

सोबत फोटो. प्रत्येक फोटोत स्टाफ (मापाची उंच पट्टी) उभा धरलेला, खोली वाचता येईल असा.

या मेसेजमधली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे “बाकी १७”. नवीन माणूस घाबरला की एक तर सगळं काम थांबवतो किंवा काहीच थांबवत नाही. सगळं थांबवलं असतं तर बिल्डर, ठेकेदार, प्लांट, तिघंही तिच्यावर उलटले असते आणि दुपारपर्यंत दबावाखाली सगळेच खड्डे झाकले गेले असते. तिनं शंकेची हद्द आखली आणि हद्दीबाहेरचं काम चालू ठेवलं. साइट रजिस्टरमध्ये तीच नोंद लिहून तिनं सुपरवायझरची सही घेतली. त्यानं ती दिली, कारण त्यात त्याच्याविरुद्ध एक अक्षरही नव्हतं. फक्त काय दिसलं, किती वाजता, आणि कुठले खड्डे राखून ठेवले एवढंच होतं.

त्या रात्री वळीव झाला. सकाळी बहुतेक खड्ड्यांत गुडघाभर पाणी. सी-९ कोरडा. पाणी त्यातून खाली निघून गेलं होतं, आणि दगडांच्या पलीकडचा भराव चार बोटं खचला होता. खचल्यामुळं दगडांची आतली बाजू उघडी पडली आणि गोलाई स्पष्ट दिसली. आरएमसी दुपारवर ढकलून सतरा खड्ड्यांतलं पाणी पंपानं काढलं, वरचा भिजून मऊ झालेला थर खरवडला, मग पीसीसी टाकलं. हे खरवडणं बऱ्याच साइटवर होत नाही. चिखलावरच माल ओततात.

शेजारच्या आजी

मी दुपारी पोचलो तेव्हा तिनं आणखी एक काम करून ठेवलं होतं. मागच्या घरातल्या आजींना भिंतीवरून विचारलं होतं. आजी मला पाहून पुन्हा सगळं सांगायला लागल्या : “आवं, आड हाय न्हवं का ह्यो. आमच्या सासूबाई हितनंच पाणी शेंदायच्या, मधी दार हुतं तवा. उन्हाळ्यातबी आटायचा न्हाई. नळ आला, आन् एक पोरगं पडता पडता वाचलं, मग बुजवला.” किती खोल होता, यावर त्या म्हणाल्या, “दोर लई लागायचा.”

नगर भूमापनाचा जुना नकाशा काढून आणला. त्यात परसाच्या जागी एक बारीक वर्तुळ होतं. प्रॉपर्टी कार्डाबरोबर हा नकाशा बिल्डरच्या फायलीत खरेदीपासून होता. टायटल बघणाऱ्या वकिलानं तो हद्दीसाठी पाहिला, आर्किटेक्टनं मार्जिनसाठी. वर्तुळ कुणाच्या कामाचं नव्हतं.

खोली मोजायला हँड ऑगर (हातानं फिरवायचं गिरमिट) लावला. साडेतीन मीटरवर पाणी लागलं, पाच मीटरवरही भरावच : राख, खापरं, कुजकं लाकूड, चिखल. त्याखाली जायची गरज नव्हती. ठेकेदाराचे दोन बिगारी आत उतरून हातानं उकरतो म्हणाले. तिनं उतरू दिलं नाही आणि मी तिच्या बाजूनं उभा राहिलो. बुजवलेल्या आडातला भराव कधी ढासळेल सांगता येत नाही, आणि बंद जुन्या आडात प्राणवायू कमी पडू शकतो. विहिरीत गाळ काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि दोघंही गेले, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

काय करायचं

सी-९ वर येणारा भार ६२ टन. पायाचा आयएस १९०४ आरसीसी इमारतीच्या सुट्या फूटिंगना जो असमान खचाव चालवून घेतो, तो दोन कॉलममधल्या अंतराच्या ०.००१५ पट. आमचे मागच्या ओळीतले कॉलम ४.५ मीटरवर, म्हणजे जेमतेम ७ मिलिमीटर. एका पावसात चार बोटं बसलेल्या भरावावर ६२ टन ठेवून शेजारच्या कॉलमपेक्षा ७ मिलिमीटरहून जास्त खाली जाऊ नको असं सांगण्यात अर्थ नव्हता. भिंतींना तिरक्या भेगा, दारं अडकणं, आणि पुढं बीम-कॉलमच्या सांध्यातच ताण. २०१६ च्या मानकाच्या नकाशात कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये होतं, १९६७ चा कोयनेचा धक्का इथल्या जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे. आधीच वाकडा ताण घेऊन उभ्या असलेल्या सांध्यावर तशी वेळ येऊ द्यायची नसते.

बिल्डरच्या मनात पहिलं आलं ते आड पूर्ण उपसून काँक्रीटनं भरण्याचं. ऐकायला सगळ्यात पक्कं. पण आडाची कड शेजारच्या भिंतीपासून दीड फुटावर होती. मातीतली ती भिंत आडाच्या दगडी कड्याच्या आणि भरावाच्या भरवशावर उभी. पाच-सहा मीटर उपसा, वर पाणी, वर पाऊस. भिंत आजींच्या स्वयंपाकघरासकट खाली आली असती. पाइलचं (जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांचं) मशीन गल्लीत वळत नव्हतं. राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग स्लॅब, करायचा तर सतरा खड्ड्यांचं झालेलं काम पाण्यात.

राहिला मार्ग आडाला हात न लावता त्याच्यावरून जाण्याचा. मागच्या ओळीतच, सी-९ च्या दोन्ही अंगांना २.४ मीटरवर, अस्सल मुरमात दोन नवीन फूटिंग. त्यांच्यावर आडावरून जाणारा एक दणकट बीम. आणि सी-९ त्या बीमच्या मध्यावर उभा. ओढ्यावरच्या साकवासारखं. फूटिंग १.४ बाय १.८ मीटर, आडाच्या बाहेरच्या कडेपासून अर्धा मीटरहून जास्त लांब. कडेला पोकळ जागा असली की खालची जमीन तिकडं सरकण्याची भीती, म्हणून तिथं धारणक्षमता २० ऐवजी १५ टनच धरली. बीमचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.८ मीटर. भार मध्यावर आला की मोमेंट (बीम वाकवणारा जोर) म्हणजे भार गुणिले गाळा भागिले चार : ७४ टन-मीटर, बीमचं स्वतःचं वजन धरून ७८. त्याला ४५० बाय ११०० मिलिमीटरचा बीम, एम-२५ प्रतीचं काँक्रीट, खालच्या बाजूला २५ मिलिमीटरच्या सात सळया दोन थरांत. बीमखाली आडावरच्या भागात ५० मिलिमीटरचं थर्मोकोल, म्हणजे भराव पुढं हलला तरी बीमशी त्याचा संबंध नाही. आडाचा वरचा मीटरभर भराव काढून त्या जागी मुरूम, वीस-वीस सेंटिमीटरचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून.

बिल्डरनं एक सूचना केली. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर असल्यानं पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण करावंच लागणार होतं; मग गच्चीचं पाणी या आडातच का सोडू नये? हेतू चांगला होता, आणि उघडा आड पायापासून लांब असता तर मीच आग्रह धरला असता. पण भरलेल्या आडात पाणी सोडलं की भरावातली बारीक माती वाहून जाते, पोकळी वाढते, आणि आपले दोन नवे फूटिंग नेमके त्याच्या दोन्ही काठांवर. पुनर्भरणाचा खड्डा पुढच्या बाजूला घेतला.

सळई वर की खाली

ड्रॉइंग दिलं म्हणजे काम झालं असं होत नाही, हे या बीमच्या वेळी दिसलं. फिटर कसबी माणूस, पायातले बीम पुष्कळ बांधलेला. त्यानं जड सळया वर घेऊन पिंजरा बांधायला सुरुवात केली. कंबाइंड फूटिंगच्या किंवा राफ्टच्या बीमला जमीन खालून वर ढकलते, त्यामुळं मधल्या गाळ्यात मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. त्याच्या हाताला तीच सवय. “ताई, पायातल्या बीमला वरचीच सळई जड असतीय. सरांनी उलटं काढलंय,” असं त्यानं तिला सांगितलं.

तिनं मला फोन करण्याआधी स्वतः विचार केला. इथं बीमखाली जमीनच नाही, थर्मोकोल आहे. वरून कॉलम दाबतोय, दोन टोकांना आधार, म्हणजे हा घरातल्या साध्या बीमसारखाच वाकणार, ताण खाली. तिनं एक लाकडी पट्टी दोन विटांवर ठेवली, मध्ये अंगठ्यानं दाबली आणि फिटरला खालून बघायला लावलं. त्यानं एकदा बघितलं आणि पिंजरा सोडायला घेतला. दोन थरांमध्ये २५ मिलिमीटरचे तुकडे स्पेसर म्हणून टाकणं, रिंगांचे हूक १३५ अंशांत वळवणं, खाली ५० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट), सी-९ च्या उभ्या सळयांचे पाय बीमच्या तळापर्यंत नेऊन वळवणं, हे सगळं तिनं त्याच्यासोबत उभं राहून करून घेतलं. मी तपासायला गेलो तेव्हा बदलण्यासारखं काही नव्हतं.

तो पिंजरा उलटा बांधून काँक्रीट झालं असतं, तर बाहेरून बीम तसाच दिसला असता.

पैसे

जादा कामाचा खर्च लाखाच्या घरात गेला आणि आठवडाभर मागची ओळ अडून राहिली. साडेतीन मीटरची गल्ली, पेठेतला दर आणि चार मजल्यांचे फ्लॅट बघता रक्कम मोठी नव्हे, पण ती कुणाच्या अंदाजपत्रकात नसल्यानं बिल आलं तेव्हा वाद झालाच. ठेकेदारानं जादा खोदाई पन्नास घनमीटर लावली, त्यातली निम्मी खडकाच्या दरानं. तिच्याकडं खोदाईच्या आधीची आणि नंतरची लेव्हल होती, खड्ड्यांची मापं होती, आणि ती मापं झाकायच्या आधी ठेकेदाराच्या सुपरवायझरसोबत घेऊन दोघांच्या सह्या केलेल्या होत्या. प्रत्यक्षात खोदाई भरली १७ घनमीटर, सगळी मुरमातली. बैठकीत दहा मिनिटांत विषय संपला. उलट एके ठिकाणी तिचं मोजमाप ठेकेदाराच्या बाजूनं गेलं : पाणी उपसण्याचे पंपाचे तास त्यानं बिलात लावलेच नव्हते, तिच्या रजिस्टरमध्ये होते, आणि ते तिनं स्वतः दाखवले. त्यानंतर त्या साइटवर तिची मापं कुणी पुन्हा तपासली नाहीत.

सुरुवातीला बिल्डर माझ्याशी बोलताना “नवीन आहे हो, घाबरते जरा,” असं म्हणाला होता. मला हे वाक्य फार लागलं. पहार आत गेल्यावर थांबणं याला भीती म्हणत नाहीत. ज्यांना आपण महिन्याला तुटपुंजा पगार देतो, सकाळी आठ ते रात्री आठ उभं करतो, साध्या स्वच्छतागृहाचीही सोय करत नाही, त्यांच्याकडूनच पायाची राखण अपेक्षित असते. मग निदान थांबवण्याचा अधिकार तरी त्यांना आपण लेखी द्यायला हवा. आमच्या ऑफिसनं आता तसं केलंय. कामाच्या पहिल्या पत्रातच लिहितो की प्रत्येक खड्ड्याचा तळ साइट इंजिनिअरनं पाहून रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय पीसीसी टाकायचं नाही, आणि तिनं किंवा त्यानं राखून ठेवलेला खड्डा फक्त स्ट्रक्चरल डिझायनरच्या लेखी होकारानंतर झाकायचा. पेठेतलं काम असेल तर खोदाईच्या आधी नगर भूमापनाचा जुना नकाशा आणि शेजारच्या दोन-तीन घरांतल्या जुन्या माणसांची विचारपूस, हेही त्यातच आहे. ट्रायल पिट किमान तीन, त्यातला एक परसाच्या बाजूला, कारण आड असायचा तो तिथंच.

सी-८, सी-९, सी-१० या तिन्ही कॉलमवर प्लिंथच्या वर खुणा कोरून ठेवल्या होत्या. प्रत्येक स्लॅबनंतर ती ऑटोलेव्हलनं त्यांचं वाचन घ्यायची. गच्चीचा स्लॅब, विटकाम, प्लॅस्टर, टाकीत पाणी, सगळं चढल्यावर सी-९ आणि त्याच्या शेजाऱ्यांमधला फरक २ मिलिमीटर भरला.

इमारतीचा ताबा देताना तिनं प्रत्यक्ष झालेल्या कामाचा पायाचा नकाशा काढला. त्यात आड मापासकट दाखवला, दोन हद्दींपासूनची अंतरं लिहिली, बीम आणि दोन्ही फूटिंग गिरवले, आणि खाली टीप टाकली की या वर्तुळात आणि त्याच्या भोवती दोन मीटरमध्ये बोअर, शोषखड्डा किंवा पाण्याची टाकी घेऊ नये. त्याची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात लावली, एक माझ्याकडं आहे, आणि एक शेजारच्या आजींच्या मुलाला दिली, कारण आडाची कड त्यांच्या भिंतीपासून दीड फुटावर आहे आणि उद्या ते घरही पडून तिथं कुणीतरी पाया खणणार आहे.